टीव्ही मेला, की नुसता उजेड गेला?

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या आठवड्यात सांगलीजवळच्या हरिपूरच्या एक आजी रिक्षातून टीव्ही घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. टीव्ही मांडीवर उभा धरलेला, वरून सोलापुरी चादर गुंडाळलेली. मुलगा पुण्याला असतो. त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं, जुना भंगारात दे, मी नवा मागवतो. आजी मला म्हणाल्या, "बाळा, आवाज तर सगळा येतोय की. मग मेला म्हणायचा कसा?"

आजींचा प्रश्न अगदी नेमका होता. मी टीव्ही लावला, दुकानातला दिवा घालवला आणि बॅटरीचा झोत पडद्यावर जवळून, तिरका धरला. त्या गोल उजेडात बातम्या देणारी बाई दिसली. फिकट, सावलीसारखी, पण ओठ हलताना दिसत होते. म्हणजे चित्र शाबूत होतं, त्याच्यामागचा उजेड तेवढा गेला होता.

आज मला तुमच्याशी याच फरकाबद्दल बोलायचं आहे, कारण तो न कळल्यामुळे चांगले टीव्ही भंगारात जाताना मी रोज बघतो.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो, तो मुळात एलसीडीच. एलसीडीचा पडदा स्वतः उजळत नाही. तो लाखो बारीक झडपांचा बनलेला असतो, त्या उघडझाप करून मागून येणारा उजेड कमीजास्त सोडतात. आधीच्या एलसीडीत मागे काडीसारख्या बारीक ट्यूब असायच्या. आता त्यांच्या जागी एलईडीच्या पट्ट्या आल्या, आम्ही त्यांना स्ट्रिप म्हणतो. या पट्ट्यांवरचे दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक उडाला की बऱ्याच टीव्हीत सगळा पडदा काळा होतो. आवाज मात्र चालूच राहतो.

आजींच्या टीव्हीत तीन पट्ट्या होत्या. त्यांच्यापर्यंत पोचायला पडद्याची काच म्हणजे पॅनेल उचलावं लागतं, आणि खरी जोखीम तिथंच आहे. काचेच्या कडेला चिप बसवलेल्या फिल्मच्या नाजूक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यातली एक जरी ओढली गेली, तरी पडद्यावर उभी रेघ येते. म्हणून आम्ही टेबल पुसून, वर स्वच्छ चादर घालून, दोघं मिळून पॅनेल उचलतो. त्याखाली पांढरे पातळ कागद निघतात, त्यांच्यावर बोटाचा ठसाही उमटता कामा नये. सगळ्यात खाली दिवे, प्रत्येकावर प्लॅस्टिकचं भिंग. कधीकधी दिवे सगळे नीट असतात, नुसत्या भिंगाचा गोंद सुटलेला असतो आणि पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसतात. लोक पॅनेल गेलं समजून घाबरतात. काम असतं भिंग परत चिकटवण्याचं.

बत्तीस इंची टीव्हीला पट्ट्यांचा नवा संच टाकायचा तर आमच्या भागात मजुरीसकट दीड ते अडीच हजार रुपये पडतात. टीव्ही सुरूच होत नसेल, तर बऱ्याचदा आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या सप्लाय बोर्डावरचा एखादा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, डोक्यावर फुगलेला सापडतो. तो भाग काही रुपयांचा, मजुरी काही शेकड्यांची. मात्र घरी मागचं झाकण काढून बघायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्या बोर्डावर तीनशे व्होल्टच्या वर दाब काही वेळ साठून असू शकतो.

पॅनेल गेलं तर मात्र गणित फिरतं. चेंडू लागला, काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर दिसली, की पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या निम्म्याहून पुष्कळ वर जाते. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतो, खर्च करू नका. रेघा आल्या असतील तर बाँडिंग करून बघता येतं. ती फिल्म मशीनवर तापवून, दाबून परत काचेला जोडतात. ते काम टिकतंही आणि महिनाभरात परत येतंही. जो तुम्हाला त्याची पक्की खात्री देतो, त्याच्याकडून ती लिहून घ्या.

आता नव्या नावांकडे येऊ. क्यूएलईडी आणि ओएलईडी ही नावं बोलताना सारखीच वाटतात, म्हणून फसगत होते. क्यूएलईडी हाही एलसीडीच आहे. उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्यानं रंग खुलतात. या क्वांटम डॉटच्या शोधासाठी तिघा शास्त्रज्ञांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुरुस्तीच्या बाजूनं मात्र मागचे दिवे गेले तर दिवे बदलता येतात. ओएलईडीचं तसं नाही. तिथं प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरोखरीच काळा दिसतो. इतकं देखणं चित्र मी दुसऱ्या कुठल्या पडद्यावर पाहिलेलं नाही. पण मागे दिवे नाहीत, म्हणजे बदलायलाही काही नाही. उजेड आणि पडदा एकच. तो बिघडला की अख्खं पॅनेल, आणि त्याची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी. शिवाय ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी चालते, तिथं कोपऱ्यातल्या बोधचिन्हाचा डाग कायमचा बसू शकतो. अशा घरानं ओएलईडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लाझ्मा या जुन्या प्रकारच्या सपाट टीव्हीचं उत्पादन तर 2014 च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी बंदच केलं. त्याचे सुटे भाग आता जुन्या टीव्हीतून काढूनच मिळतात.

माझं शिक्षण झालं ते पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर. रंगीत ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागायचा. उस्तादांनी पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली, ट्यूबमधला साठा जमिनीला उतरवल्याशिवाय हात घालायचा नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले, तेव्हा गावभागातून चिखलानं भरलेले टीव्ही हातगाड्यांवरून येत होते. ट्यूबचे काही टीव्ही आम्ही बोर्ड धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून परत लावले, आणि ते चालले. पातळ टीव्हींच्या कागदांत मात्र पाणी शिरून नकाशे उमटले होते, फिल्मच्या जोडांना गंज धरला होता. त्यातले फार थोडे वाचवता आले, आणि ज्यांनी हप्त्यावर घेतले होते त्यांना ते सांगताना जीव तुटायचा.

पूर रोज येत नाही, पण दिवाळीची सफाई दर वर्षी येते. काच पुसायचा फवारा थेट पडद्यावर मारला की थेंब ओघळून खालच्या कडेतून आत शिरतात, आणि त्या कडेलाच फिल्मचे जोड असतात. लक्ष्मीपूजनाच्या आधी माझ्याकडे रेघा आलेले टीव्ही येतात, त्यांतले कितीतरी याच कारणानं. टीव्ही बंद करून मऊ, कोरडं फडकं फिरवा. फार तर फडकं किंचित ओलं करा. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लगबरोबर डिशची वायरही काढा. वीज तिच्या वाटेनंही येते. आणि टीव्ही न्यायचा असेल तर आजींसारखा उभा धरून न्या. आडवा टाकला की खड्ड्यात काच जाते.

दुरुस्तीला दिलात, तर आधी अंदाज लिहून घ्या आणि बदललेला भाग परत मागा. तो तुमचा आहे. तक्रार ऐकून घेतली जात नसेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आजींचा टीव्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार झाला. देण्याआधी मी मेनूत जाऊन शंभरावर असलेला बॅकलाइट, म्हणजे मागच्या दिव्यांचा जोर, साठावर आणला. दिवे पूर्ण जोरानं जळत राहिले की तापतात आणि लवकर उडतात. आजींनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढा उजेड पुष्कळ झाला." मग रिक्षावाल्याला हाक मारली.

नमस्कार.