दुसऱ्या माणसाचा शोध

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची कार्यकारिणी आणि फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या माझ्या बेळगावकरांनो,

शनिवारची संध्याकाळ आहे. घरी टीव्हीवर इंग्लंडमधला सामना सुरू असेल, आणि तो सोडून तुम्ही फुटबॉलवरचं भाषण ऐकायला आलात. मागच्या रांगेत दोघातिघांचे मोबाइल खाली धरलेले मला दिसतायत. चालू द्या, फक्त गोल झाला तर मलाही सांगा.

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : अडचणीत आलेल्या फुटबॉल क्लबने नवा मॅनेजर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य कोच, कसा निवडावा. मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी ते राहून जाणार नाही. हरत चाललेला क्लब एका माणसाच्या शोधात निघतो. शोधायची असतात दोन माणसं. त्यातला दुसरा बहुतेक वेळा क्लबमध्येच कुठेतरी बसलेला असतो, आणि निवडीच्या बैठकीत त्याचं नावही निघत नाही.

हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं ते ब्रायन क्लफमुळे. इथल्या जुन्या खेळाडूंना क्लफ माहीत आहे, पण कॅम्पातली आणि टिळकवाडीतली पोरं आली आहेत, त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. क्लफ मूळचा स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी सामन्यात गुडघा गेला आणि खेळ संपल्यातच जमा झाला. १९६५ साली, तिशीत, तो हार्टलपूल्स या तळाच्या क्लबचा मॅनेजर झाला, आणि जाताना त्याने पीटर टेलरला सोबत घेतलं. टेलर म्हणजे त्याच्याबरोबर मिडल्सब्रोला खेळलेला गोलकीपर. क्लफ बोलायचा, टेलर बघायचा. कुठल्या मैदानावर कुठला पोरगा दुर्लक्षित पडलाय, कुणाची जागा चुकलीये, हे टेलरला दिसायचं. दोघांनी डर्बी काउंटीला दुसऱ्या श्रेणीतून वर काढलं आणि १९७२ मध्ये इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर संचालकांशी वाजलं, आणि दोघंही बाहेर.

आता खरी गोष्ट १९७४ ची. लीड्स युनायटेड तेव्हा गतविजेता संघ होता. मॅनेजर डॉन रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले. जाताना त्यांनी संचालकांना सुचवलं, की संघातल्याच जॉनी जाइल्सला ही जागा द्या. संचालकांनी ते ऐकलं नाही आणि क्लफला आणलं. कोणता क्लफ? जो वर्षानुवर्षं जाहीरपणे म्हणत आला होता की लीड्सवाले दांडगाईने खेळतात. टेलर त्या वेळी ब्रायटन क्लबला होता, तो म्हणाला मी इथेच राहतो. क्लफ एकटा गेला. पहिल्याच बैठकीत त्याने खेळाडूंना सांगितलं, तुमची पदकं कचऱ्यात टाका, ती तुम्ही लबाडीने मिळवली आहेत. विचार करा, खोलीत ब्रेमनर बसलाय, हंटर बसलाय, ज्याचं नाव डावललं तो जाइल्स बसलाय. त्या खोलीत क्लफच्या शेजारी टेलर असता तर दाराबाहेरच त्याने बाही ओढली असती. सहा लीग सामन्यांत एक विजय. ४४ दिवसांत नोकरी गेली.

पुढचं लक्ष देऊन ऐका. त्याच खेळाडूंना घेऊन जिमी आर्मफील्ड या शांत माणसाने १९७५ मध्ये युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली. पॅरिसला बायर्नकडून ते हरले, पण गाठली तर खरी. म्हणजे संघ वाईट नव्हता. आणि क्लफही वाईट नव्हता. जानेवारी १९७५ मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला, दुसऱ्या श्रेणीत गुणतक्त्याच्या मधोमध असलेला क्लब. तिथेही आधी एकटाच. पहिल्या हंगामाअखेर सोळावा क्रमांक, दुसऱ्या हंगामात आठवा. १९७६ च्या जुलैत टेलर आला. १९७७ ला वरच्या श्रेणीत, १९७८ ला इंग्लंडचे विजेते, १९७९ आणि १९८० ला लागोपाठ युरोपचे विजेते. केनी बर्न्स बर्मिंगहॅमला स्ट्रायकर होता, बदनाम होता. त्याला जुगाराचा नाद किती आहे हे बघायला टेलर कुत्र्यांच्या शर्यतीत जाऊन बसायचा असं सांगतात. त्याला घेतलं आणि बचावात खेळवलं. १९७८ चा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू कोण, तर बर्न्स. जॉन रॉबर्टसन तर फॉरेस्टमध्येच होता, वजन वाढलेला, जवळजवळ निकालात काढलेला. १९७९ च्या अंतिम सामन्यातला गोल त्याने बाजूने दिलेल्या क्रॉसवर झाला, १९८० चा त्याने स्वतः मारला.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. हो, येतोच मुद्द्यावर. पण आधी घरचं बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

आपल्याकडच्या एका क्लबची गोष्ट. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथे एक मामा होते. पोरं मामाच म्हणायची. पदावर नव्हते. बॉलमध्ये हवा भरायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, पट्ट्या बांधायच्या, ही त्यांची कामं. पण आपला संघ कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे. गोलकीपर गोकाकचा, त्याची कन्नड. दोन पोरं खानापूरकडची, मधल्या फळीत कॅम्पातला मुलगा, हिंदी-उर्दू बोलणारा, आणि विंगवर एखादा चोर्ला घाटाखालून आलेला, कोंकणी. मामा सगळ्यांशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलायचे. अनगोळचा पोरगा सकाळी कामावर जाऊन आलाय, हे मामांना माहीत. ते हळूच कोचला सांगायचे, "आज त्याला उत्तरार्धात घ्या की. सकाळपासून पोटात काही नाही पोराच्या."

संघ लागोपाठ हरला. समिती बसली, बाहेरून मोठा कोच आणायचं ठरलं, त्याला माझा विरोध नव्हता. पण नव्या कोचने अट घातली, जुनं कोणी नको, आणि समितीने ती एका शब्दात मान्य केली. मामांना चहासुद्धा न पाजता घरी पाठवलं. मी त्या बैठकीत उभा राहून बोललो, की हा माणूस तुम्हाला फुकट मिळालाय, त्याला घालवाल तर नव्या कोचला ही पोरं कोण समजावून सांगणार? उत्तर मिळालं, "भावनेचं राजकारण करू नका." महिनाभरात गोकाकचा पोरगा यायचा बंद झाला. मग दुसरा. कोच त्यांना जे सांगत होता ते चूक नव्हतं, त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. हंगाम संपायच्या आत कोचही गेला. मला त्याचाही राग नाही. तो एकटा पडला. राग आहे तो त्या टेबलाभोवती बसलेल्यांचा, कारण त्यांना इथली पोरं माहीत होती. आणि हे फक्त बेळगावात होतं असं नाही. कोल्हापूरला पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम कसं भरतं ते आपण जाऊन बघतो, परदेशी खेळाडूसुद्धा येऊन खेळलेत तिथे. पण तालमीत पोरांच्या मागे उभी असलेली जुनी माणसं गेली, तर नुसत्या पैशाने संघ उभा राहणार नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

इंग्लंडमधला लेस्टर सिटी क्लब, २०१५. रानिएरींना मॅनेजर म्हणून आणलं तेव्हा लोक हसले, कारण आदल्या वर्षी ग्रीसचा संघ त्यांच्या हाताखाली फेरो आयलंड्सकडून हरला होता. रानिएरींनी जुने सहायक क्रेग शेक्सपिअर आणि स्टीव्ह वॉल्श यांना हलवलं नाही. वॉल्श म्हणजे ज्याच्या नजरेने वार्डी, महरेझ, कांते हे खेळाडू क्लबमध्ये आले तो माणूस. २०१६ ला विजेतेपद. त्याच उन्हाळ्यात वॉल्श एव्हर्टनला गेला, कांते चेल्सीला, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत रानिएरींना काढलं. उलट मँचेस्टर युनायटेडमध्ये २०१३ साली मोयेस आले, सहा वर्षांचा करार घेऊन. आधीचे मॅनेजर फर्ग्युसन यांची फेलन, म्यूलेन्स्टीन ही माणसं गेली, मोयेसांनी एव्हर्टनची आपली माणसं आणली. दहा महिन्यांत मोयेस बाहेर. सगळं त्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, संघ म्हातारा झाला होता. पण त्या म्हाताऱ्या संघाची नाडी कुणाला ठाऊक होती?

कुणीतरी विचारेल, लिव्हरपूलचे तेव्हाचे मॅनेजर क्लॉप, त्यांचा बुवाच नावाचा सहायक, त्यांचा उजवा हात, २०१८ मध्ये गेला, तरी लिव्हरपूल २०१९ ला युरोपचे विजेते झाले, ते कसं? रास्त प्रश्न आहे. जागा रिकामी राहिली नाही म्हणून. काही महिन्यांपूर्वीच गेलेला दुसरा सहायक लाइंडर्स त्याच उन्हाळ्यात परत आला, आणि त्याला खेळाडू आधीपासून ओळखत होते.

आता निवडीची रीत, भरभर सांगतो. पहिलं, हाकलण्याची घाई करू नका. बास तर वील या डच अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ मधले हॉलंडचे हंगाम तपासले. सलग हारल्यावर मॅनेजर बदलणारे क्लब सावरले, पण तितकेच हरून न बदलणारेही तसेच सावरले. पडता काळ थोडा आपोआपही सरतो, आणि श्रेय नव्या माणसाला जातं. दुसरं, उमेदवाराचे निकाल बघू नका, त्याच्या संघाने गोलच्या संधी किती निर्माण केल्या आणि समोरच्याला किती दिल्या ते बघा. लिव्हरपूलला येण्याआधी क्लॉप जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला होते, आणि तिथल्या त्यांच्या शेवटच्या हंगामात डॉर्टमुंड सातवे आले होते. लिव्हरपूलच्या अभ्यासकाने आकडे मांडून दाखवलं की संघ बरा खेळत होता, नशिबाने मार खाल्ला. त्यांनी २०१५ मध्ये क्लॉपला घेतलं, आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग जिंकली. तिसरं, आपल्या शेजारी बघा. गोव्याच्या धेंपो क्लबने २००५ ते २०१२ मध्ये पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, पाचही वेळा कोच एकच, आर्मांदो कुलासो, गोव्याचाच माणूस. दरवेळी बाहेरून मोठं नाव लागतंच असं नाही.

चौथं, मुलाखत. उमेदवाराला डावपेच सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, तुझ्या मागच्या क्लबमध्ये तुला नाही म्हणणारा कोण होता, आणि आज तो कुठे आहे? मग आपल्या क्लबमधल्या दोघातिघांना, ज्यांना पोरांची घरं माहीत आहेत, त्याच्यासमोर बसवा आणि तासभर बोलू द्या. समितीने त्या वेळी खोलीबाहेर जावं. ज्याला त्यातला एकही नको असेल, त्याचं नाव कितीही मोठं असो, पुढचा उमेदवार बोलवा.

आणि शेवटचं, हे कागदावरच घ्या : मॅनेजर आणि सहायक यांचे करार एकाच दिवशी संपू देऊ नका. सहायकाचा निदान एक हंगाम पुढे ठेवा, आणि त्याचा पगार मॅनेजरच्या मर्जीवर न ठेवता थेट क्लबकडून द्या. मॅनेजर गेला तर नव्याला पोरांची ओळख करून द्यायला कुणीतरी मागे उरेल. बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू, अध्यक्षांची परवानगी असेल तर.