अठरा रुपयांची मनीऑर्डर

(पुण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर लिहिलंय, 'परवडणारी घरे : पाच ठोस उपाय'. त्याच्याच खाली, त्याच अक्षरात, 'पायऱ्यांवर चपला काढू नयेत'. येताना पाहिलं, चपला पायऱ्यांवरच आहेत. म्हणजे पाच उपायांचं काय होणार याचा अंदाज मला आला.

सुरुवातीला एक करा. ज्यांचं लहानपण भाड्याच्या बिऱ्हाडात गेलं, त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. आता आज भाड्यानं राहतात त्यांनी. एक हात दिसतोय. नाही, ते पंखा कमी करा म्हणतायत. तर एका पिढीत अख्खी सभा भाडेकरूची मालक झाली. छानच झालं. पण आपण चढून गेलो आणि शिडी कुठे गेली, याबद्दल मला बोलायचंय.

आमचं बिऱ्हाड सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यावर माळा. भाडं अठरा रुपये. मी शाळेत असताना अठरा, नोकरीला लागले तेव्हा अठरा, माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाही अठरा. कारण 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. सप्टेंबर 1940 मध्ये जे भाडं होतं तेच बहुतेक जागांना प्रमाण धरलं. युद्धाच्या काळातली टंचाई, महागाई, तात्पुरती सोय म्हणून केलेला कायदा. तात्पुरता म्हणजे मुदत संपली की वाढवायचा, असा 2000 पर्यंत. तात्पुरतं या शब्दाचा अर्थ आपल्याकडे असाच असतो, मंडईजवळच्या पत्र्याच्या शेड बघा.

मालक वाईट नव्हते हो. वाड्यात आम्ही नऊ बिऱ्हाडं, सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं दोनशेच्या आत. तेवढ्यात दर पावसाळ्याआधी कौलं शाकारायची, वासे बघायचे, संडासाची टाकी उपसायची? मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींना निदान दुरुस्ती मंडळ आहे, त्यासाठी उपकर घेतात. पुण्याच्या वाड्याला असं कोणी नाही. पुण्याच्या वाड्याला दर मे-जूनमध्ये महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस येते, आणि ती दिंडी दरवाज्याला चिकटवतात. आमच्याकडे त्या नोटिशीनंच एक भोक बुजलं होतं.

तर 1974 साली मालकांनी भाडं घेणं बंद केलं. याचं मर्म तरुण मंडळींना कळायचं नाही. भाडं सहा महिने थकलं असं कोर्टात दाखवता आलं की भाडेकरूला काढायची वाट मोकळी होते. म्हणून मालक घेईनात. म्हणून आमचे अण्णा दर महिन्याला अठरा रुपयांची मनीऑर्डर करायला लागले. फॉर्म घेऊन पोस्टात मी जायची. पोस्टमन यायचा, चौकात मालकांसमोर उभा राहायचा, मालक म्हणायचे 'नको', आणि तो 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पैसे घेऊन आमच्याकडे वर यायचा. आमच्या दारापासून मालकांच्या ओसरीपर्यंत बावीस पायऱ्या. तेवढ्या अंतरासाठी पैसे आधी लक्ष्मी रोडला जाऊन यायचे, वर कमिशन.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली कुपन असायचं, दोन ओळी मजकुराला जागा. अण्णांना मोकळी जागा सोडवत नसे. ते लिहायचे, 'सप्टेंबरचे भाडे पाठवीत आहे. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला का?' मालक कुपन वाचायचे, पैसे नाकारायचे, आणि पोस्टमन वर येऊन सांगायचा, 'आराम आहे म्हणाले. पैसे नाही घेतले.'

पुढे लघुवाद न्यायालयात दावा. मालकांना स्वतःसाठी जागा हवी, म्हणून. मालकांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे पुढची तारीख काय पडली ते त्यांना कळत नसे. संध्याकाळी चौकात येऊन अण्णांना विचारायचे. अण्णा मोठ्यानं सांगायचे, सगळ्या वाड्याला कळायचं, आणि प्रतिवादीनं वादीला दिलेल्या तारखेवर दोघं जाऊन हजर व्हायचे. अकरा वर्षं. मालक गेले, मुलांनी दावा पुढे चालवला नाही.

हसताय तुम्ही, आणि मनातून अण्णांच्या बाजूनं आहात. थांबा जरा.

आमच्या त्या माळ्यावर 1981 पासून एक बाई राहायच्या. चार घरच्या पोळ्या करायच्या. पहाटे पाचला स्टोव्हचा आवाज यायचा, आणि सातला त्या पिठाचे हात पदराला पुसत जिना उतरायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. नात्यानं नव्हे, सोयीनं. पोटभाडेकरू ठेवला हे सिद्ध झालं तर अण्णांची जागा गेली असती, म्हणून 'कोणी विचारलं तर मावशी म्हणायचं' हे आम्हा भावंडांना पढवलं होतं. मावशी महिन्याला साठ रुपये द्यायच्या. अण्णा मालकाला अठरा देऊ करायचे, तेही परत यायचे, आणि मावशींकडून साठ घ्यायचे. पावती अर्थातच नाही. पावती दिली की पुरावा झाला.

हे माझ्या वडिलांबद्दल सांगताना बरं वाटत नाही. सज्जन माणूस होता. वहिनींचा गुडघा विचारणाराच माणूस.

2004 मध्ये वाडा पडला, म्हणजे पाडला. बिल्डर आला, त्यानं यादी केली. यादीत नऊ नावं, पावतीवर होती तीच. आम्हाला 310 चौरस फुटांची मालकीची जागा मिळाली. मावशींचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. तेवीस वर्षांत त्यांनी घर बदललं नव्हतं, भाडं चुकवलं नव्हतं. त्या कात्रजच्या पुढे गेल्या, दोन बस बदलून पोळ्यांना यायच्या, मग वर्षभरात येईनाशा झाल्या. आणि आमच्या त्या 310 फुटांत आज काय आहे? माझ्या धाकट्या भावानं कॉट बेसिसवर दिलीय. स्पर्धा परीक्षेची सहा मुलं, सहा कॉट, एक गीझर. करार? करार कसला, कॉटचा करार करतात का कोणी!

एक चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे' एवढंच लिहिलंय. उरली आहेत की झाली आहेत ते नाही. उरली असं धरते आणि पाच उपायांकडे येते.

मुद्दा असा की कायद्यानं पावती जपली, खोली कोणी जपली नाही. जो आत होता तो सुरक्षित, नंतर येणाऱ्याला दार बंद. 1973 साली एकदा त्यातही सूट दिली, 1 फेब्रुवारीला जे परवान्यानं, म्हणजे भाडेकरू न होता मालकाच्या नुसत्या परवानगीच्या करारानं, राहत होते ते भाडेकरू ठरले. त्याचा परिणाम असा की मालकांनी धसका घेतला. तेव्हापासून अकरा महिन्यांचा करार, आणि त्याहून सुरक्षित म्हणजे सरळ कुलूप. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे 1 कोटी 10 लाख घरं रिकामी निघाली. ती सगळी काही भीतीनं रिकामी नाहीत, गुंतवणुकीचीही आहेत. पण भीती आहे, ती खोटीही नाही. गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलं नाही, हे 1997 साली सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं. त्यानंतरचा 1999 चा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, त्यात वर्षाला 4 टक्के वाढ आली. म्हणून पहिला उपाय मालकासाठी : भाडं माफक पण वाढतं, वाद लवकर निकाली, आणि जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीला मुंबईसारखी काही व्यवस्था.

दुसरा, कागद. त्याच 1999 च्या कायद्याचं कलम 55 म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. केवढं हत्यार आहे! माळ्यावरच्या बाईला आणि कॉटवरच्या मुलाला हे कोणी सांगितलंच नाही. क्षेत्रीय कार्यालयात नाममात्र पैशांत एका खोलीची, एका कॉटची नोंद का होऊ नये? भावाला मी हे सांगितलं. तो दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाही.

तिसरा. आपण परवडणारं घर म्हटलं की विकायचंच घर समजतो. 2013 पासून 4000 चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पांत 20 टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची आहेत. ती म्हाडाच्या सोडतीत जातात, म्हणजे विकली जातात. पोळ्या करणाऱ्या बाईला सोडत लागली तरी कर्ज कोण देणार, पगाराची स्लिप कुठून आणायची? त्यातली काही घरं विकूच नयेत, कायमची भाड्याला ठेवावीत. कायमची हे महत्त्वाचं, कारण एकदा विकलेलं घर दुसऱ्या खेपेला बाजारभावानंच जातं. भाड्यानं घर देणं आपल्या यंत्रणेला परकं नाही. महापालिका स्वतःच्या सफाई कामगारांना खोल्या देतेच. फक्त तिथे नोकरी संपली की खोली सुटते, म्हणून खोली टिकवायला शिकलेला मुलगाही झाडू हातात घेतो. तो एक वेगळा विषय आहे, आत्ता नाही.

चौथा, की हाच तिसऱ्यात गेला? असो. वाडा पाडायच्या आधी तिथे झोपतं कोण याची यादी करा, पावती कोणाकडे आहे याची नव्हे. माळे, जिन्याखालची जागा, सगळं बघून. नव्या इमारतीत वाढीव बांधकाम मिळतं, त्यातल्या दोन खोल्या भाड्याच्या राहू देत. बांधकामावरच्या मजुरांचंही तेच. 29 जून 2019 ला कोंढव्यात सोसायटीची भिंत कोसळली, शेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत झोपलेली 15 माणसं गेली. ते घरं बांधत होते आणि राहायला पत्रे होते. 2020 मध्ये केंद्रानं अशांसाठी भाड्याच्या घरकुलांची योजना आणली, ती वाचा, चांगली आहे, तिचं इथे काय झालं ते नगरसेवकांना विचारा.

पाचवा अनामत रकमेचा. केंद्रानं राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. दहा-दहा महिन्यांची अनामत कोण भरणार? त्यावर एक भिशीसारखी कल्पना सांगणार होते, पण माईकवाले उभे राहिलेत.

हा पत्र्याचा डबा आणलाय, बिस्किटांचा. 1974 ते 1985, पोस्टाच्या पावत्या आणि नकाराचा शेरा मारलेली कुपनं, अण्णांनी तारीखवार लावलेली. टेबलावर ठेवते, बघून जा. मावशींच्या साठ रुपयांचं काही त्यात शोधू नका. आणि कागद फार जुने झालेत, चहाचा हात लावू नका.