पारा ४४, पत्रा ६५

[दृश्य : नागपूर, मे महिना, दुपारचे दोन. वस्तीतलं गंजक्या पत्र्याचं छत.]

आज नागपूरचा पारा ४४ अंशांवर गेला. हा आकडा येतो वेधशाळेतल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीतून. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सावलीत ठेवलेल्या थर्मामीटरवर तो वाचतात. म्हणजे तापमान मोजलं ते हवेचं. त्याच हवेत, भर उन्हात पडलेला हा पत्रा ६५ अंशांपर्यंत सहज जातो, आणि खाली राहणाऱ्यांची गाठ या पत्र्याशी असते.

निरभ्र दुपारी जमिनीच्या दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन मिळतं. दहा चौरस मीटरच्या खोलीवर दहा किलोवॅट! २६ मेच्या सुमारास तर नागपुरात सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी भिंतींना ऊन जवळपास लागतच नाही, सगळा मारा छपरावर. पश्चिमेच्या भिंतीची पाळी सूर्य कलल्यावर येते.

आलेल्या उन्हातलं किती मुरतं, हे पृष्ठभागावर ठरतं. नवा डांबरी रस्ता नव्वद टक्क्यांहून जास्त ऊन पिऊन घेतो, नवा सिमेंटचा रस्ता साधारण साठ-पासष्ट टक्के. पांढऱ्या चुन्याचा ताजा थर बहुतेक ऊन परत पाठवतो.

[दृश्य : नवा चकचकीत पत्रा, शेजारी पांढरा रंगवलेला पत्रा.]

इथे बहुतेकांची फसगत होते. नवा जस्ताचा पत्रा आरशासारखा चमकतो, म्हणून तो थंड राहील असं वाटतं. तो बरंचसं ऊन परतवतो, हे खरं. पण तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी उष्णता बाहेर टाकत असते, आणि चकचकीत धातू या कामात फार कमी पडतो. मुरलेली उष्णता त्याच्यातच अडकून राहते. पांढरा रंग ऊन परतवतो आणि आतली उष्णताही सोडतो. म्हणून छपराला चंदेरीपेक्षा पांढरा रंग द्यावा.

पिस्तुलासारखा थर्मामीटर रोखून तपासायला गेलात, तर चमकत्या पत्र्यावर तो भलताच कमी आकडा दाखवेल, कारण तो हेच किरण मोजतो. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावा, पाच मिनिटं थांबा आणि पट्टीवर नेम धरा. खरा आकडा तिथे मिळेल.

तापलेला पत्रा खोलीतही किरण टाकतो. पंखा हवा हलवतो, किरण अडवत नाही. त्यामुळे पंख्याखाली बसूनही डोकं भाजत राहतं. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून छत घातलं आणि मधली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना वाट ठेवली, की हा त्रास लगेच कमी होतो.

[दृश्य : लाकडी दार, लोखंडी कडी. दोन्ही उन्हात.]

दार ६० अंशांवर, कडीही ६० अंशांवर. दाराला हात टेकवता येतो, कडीला बोट लावताच चटका बसतो. लाकूड उष्णता हळू सोडतं. बोट लागलं तेवढी जागा लगेच निवते आणि कातडीशी तापमान चाळिशीच्या आसपास थांबतं. लोखंडात मात्र मागून उष्णता धावत येते, आणि कातडीला जवळजवळ ५८ अंश सोसावे लागतात. वेदना साधारण ४४ अंशांना सुरू होते. लहान मुलांची कातडी पातळ असते, म्हणून लोखंडी घसरगुंडीवर त्यांना सोडण्याआधी आपला तळहात टेकवून पाहावा.

वाळूचं गणित वेगळं. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे उष्णता खाली उतरत नाही. वरचा बोटभर थर पाय पोळतो आणि वीतभर उकरलं की गार वाळू लागते.

आता मुंबई. तिथे पारा ३४, तरी जीव नकोसा होतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला, तर नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला तो सुमारे २३ वर उतरतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला २८ च्या खाली जात नाही. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना गारवा देतं. घामालाही हाच नियम लागू. म्हणूनच वाळ्याचा कूलर विदर्भात खोली गार करतो आणि कोकणात नुसती ओल वाढवतो. पण विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडून जातो, शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. तहान लागायची वाट पाहू नये.

[दृश्य : सिमेंटचा स्लॅब, झाडू, कुंचा.]

स्लॅबला चुना लावणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. एक किलो चुनकळीला (न विझवलेल्या चुन्याला) पाच लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यायचं, मग चुनकळी थोडी थोडी सोडायची. पाणी उकळतं, म्हणून प्लास्टिकची बादली नको. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. चोवीस तास मुरू द्यायचं, जाड्याभरड्या कापडातून गाळायचं, आणि दहा लिटरला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळायचा.

स्लॅब घासून, धुऊन, किंचित ओला ठेवायचा आणि काम संध्याकाळी करायचं. भर उन्हात लावलेला चुना भराभर वाळतो आणि बोटाला भुकटी लागते. ओला असताना चुना पांढरा दिसत नाही, म्हणून कारागीर दाट थर फासतात आणि त्याचेच पुढे पोपडे निघतात. पातळ दोन-तीन हात द्या, आधीचा वाळल्यावर पुढचा. पत्र्यावर चुना धरत नाही. तिथे तारेच्या ब्रशने गंज काढून, प्रायमर मारून बाहेरचा पांढरा रंग लावावा.

धूळ बसली की पांढरेपणा जातो, तेव्हा मेच्या मध्यावर एकदा छप्पर धुवा. पावसात चुना बराच वाहून जातो, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीअखेर, ऊन चढण्याआधी, नवा हात द्यावा लागतो.