वादक थांबतो तेव्हा

[ध्वनी: फक्त बास आणि ड्रम्स]

२४ डिसेंबर १९५४. न्यू जर्सीतलं हॅकेनसॅक. रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकानं आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यातच स्टुडिओ थाटलाय. जाझ वादक जमलेत: ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर) मिल्ट जॅक्सन, पियानोवर थेलोनियस मंक. गर्श्विनचं ‘द मॅन आय लव्ह’ दुसऱ्यांदा रेकॉर्ड होतंय. मंकचा सोलो चालू आहे. एकेक सूर तो इतका लांबवतो, की ओळखीची चाल लयीच्या मागे रेंगाळायला लागते. मग तो वाजवायचंच थांबतो.

ऐका. पर्सी हीथचा बास चालूच आहे, केनी क्लार्कचे ड्रम्सही. मात्रा पुढे सरकताहेत आणि त्यांच्यावर कुणीच नाही. काही बार, म्हणजे ठेक्याची आवर्तनं, तशीच जातात. शेवटी माइल्स ट्रम्पेटवर हाक देतो, आणि मंक धावतच परत येतो.

मंक भरकटला होता की मुद्दाम थांबला, यावर जाझवाले आजही वाद घालतात. मला त्या वादापेक्षा हीथ मोलाचा वाटतो. त्यानंही हात आखडता घेतला असता, तर गाणं बंद पडलं एवढंच म्हणावं लागलं असतं. तो चालत राहिला म्हणून प्रत्येक रिकामी मात्रा आपण मोजत राहतो, आणि पुढची मात्रा तरी भरेल का याची वाट बघतो.

माइल्सला अशी मोकळी जागा फार प्रिय. त्या दिवशी त्यानं मंकला सांगितलंच होतं, माझ्या सोलोमागे तू वाजवू नकोस. तो पियानोवादक अहमद जमालचाही चाहता. जमालचं ‘पॉइन्सियाना’ लावून बघा, जानेवारी १९५८ मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात रेकॉर्ड झालेलं. ड्रम्सवर व्हर्नेल फोर्निएचा ठेका हटत नाही, आणि जमाल त्यावर चार सूर ठेवून बाजूला होतो.

[ध्वनी: व्हायोलिन, अतिशय संथ]

ठेका नसला तरी शांतता मोजता येते. एस्टोनियाच्या आर्वो पेर्तनं १९७७ मध्ये ‘टाबुला रासा’ रचलं. त्याचा दुसरा भाग ‘सिलेंटियम’ पुन्हा पुन्हा एकाच षड्जाकडे परततो. शेवटी वरची वाद्यं गळतात, चाल डबल बासपर्यंत उतरते आणि रिषभावर थांबते. सा लागतच नाही. तिथे पेर्तनं कोरे बार लिहून ठेवलेत. इतका वेळ तो सा कानात मुरल्यावर शेवटचा स्वर आपण मनातच लावतो.

अमेरिकन संगीतकार जॉन केजनं ‘४ मिनिटं ३३ सेकंद’ या रचनेत मात्र सगळेच सूर काढून घेतले. त्याआधी हार्वर्ड विद्यापीठात, जिथे प्रतिध्वनी उमटतच नाही अशा खोलीत तो जाऊन आला होता. तिथेही त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक, एक खर्जातला. हे तुमच्याच शरीरातले आवाज, असं तिथल्या अभियंत्यानं त्याला सांगितलं.

२९ ऑगस्ट १९५२ ला वुडस्टॉकमध्ये, झाडीकडे उघडणाऱ्या लाकडी सभागृहात, डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसला. त्यानं झाकण लावलं आणि स्टॉपवॉच सुरू केलं. तीन भाग, मिळून ४ मिनिटं ३३ सेकंद. हीथचं काम इथे घड्याळाकडे होतं. प्रत्येक भाग संपला की ट्यूडर झाकण उघडायचा. केज नंतर सांगायचा, पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पाऊस वाजला. तिसऱ्या भागात लोकच बोलायला लागले, काही उठून निघाले. तेही त्यानं रचनेतच धरलं.