जिमी जॉन्स्टन : उजव्या विंगचा जादूगार

नमस्कार श्रोतेहो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबकडून पाचशेहून अधिक सामने आणि सुमारे 130 गोल, अशी जिमी जॉन्स्टनची कागदावरची नोंद आहे. चार सामन्यांमागे एक गोल एवढंच त्यातून कळतं. पण विंगरची, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणाऱ्या खेळाडूची, खरी कमाई दुसऱ्यांना मिळालेल्या मोकळ्या जागेत असते, आणि जॉन्स्टनची तर फारच.

जन्म 1944चा, लॅनार्कशायरमधल्या व्ह्यूपार्कचा. उंची साधारण 5 फूट 4 इंच, केस तांबडे. लहानपणी त्याच्यापुढे आदर्श होता इंग्लंडचा विंगर स्टॅन्ली मॅथ्यूजचा. दुधाच्या बाटल्या ओळीनं मांडायच्या आणि त्यांच्यामधून चेंडू वळवत न्यायचा, हा त्याचा सराव. पायांत ताकद यावी म्हणून जड बूट घालून तो धावायचाही.

त्याचा चकवा चालायचा कसा? चेंडू बुटापासून फार लांब जाऊच द्यायचा नाही. पावलं लहान, गुडघे वाकलेले. समोरचा बचावपटू जवळ आला की खांदा एका बाजूला झुकवायचा. त्या हुलकावणीवर बचावपटूच्या शरीराचा भार एका पायावर गेला, की त्याच क्षणी चेंडू दुसऱ्या बाजूनं काढायचा. बुटका असल्यामुळे त्याचा तोल जमिनीलगत असायचा, म्हणून भर वेगात जागच्या जागी थांबणं त्याला जमायचं. वेगवान विंगर पुष्कळ असतात. असं थांबू शकणारे थोडे. त्याच्यावर पाय टाकून झेपावणारा बचावपटू हमखास फसायचा. मागे सरकत, वाट पाहत त्याला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, रेटणारा थोडा तरी टिकायचा.

यात धोकाही होता. एकाला चकवल्यावर त्यालाच पुन्हा चकवण्याचा मोह जॉन्स्टनला आवरत नसे. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत प्रतिस्पर्ध्यांची बचावफळी परत जागेवर येते आणि आधी कमावलेलं सगळं वाया जातं. 1965 मध्ये व्यवस्थापक म्हणून आलेल्या जॉक स्टीन यांनी त्याचं हे कौशल्य संघाच्या आखणीत बसवलं.

25 मे 1967, लिस्बन. युरोपातल्या क्लबांच्या युरोपियन कप स्पर्धेचा अंतिम सामना, समोर इटलीचा इंटर मिलान. इंटरची पद्धत माणसामागे माणूस लावण्याची. सातव्या मिनिटाला त्यांच्या माझोलानं पेनल्टीवर गोल केला आणि मग इंटरनं दारं लावून घेतली. जॉन्स्टन विंग सोडून सारखा आत, मधल्या भागात शिरत राहिला. त्याच्यावर नेमलेला माणूस त्याच्यामागे आत खेचला जायचा आणि उजवी बाजू रिकामी पडायची. त्या जागेत मागून धावत यायचा सेल्टिकचा राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, जिम क्रेग. 63व्या मिनिटाला क्रेगनं उजवीकडून चेंडू मागे दिला आणि लेफ्ट बॅक टॉमी गेमेलनं तो लांबून जाळ्यात मारला. 84व्या मिनिटाला सेल्टिकच्याच चामर्सचा गोल, 2-1. बरोबरीच्या त्या गोलाच्या नोंदीत जॉन्स्टनचं नाव कुठेच नाही, तरी त्यात त्याचा वाटा मोठा आहे असं आमचं ठाम मत आहे. युरोपातल्या वर्षाच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी'ऑरमध्ये त्याच वर्षी तो तिसरा आला. पुढे होते हंगेरीचा फ्लोरियान अल्बर्ट आणि बॉबी चार्लटन.

सेल्टिकच्या विंगशी आपलंही एक नातं आहे. 1936 मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम याच क्लबच्या जर्सीत पायांना पट्ट्या गुंडाळून अनवाणी खेळला होता, आणि तोही विंगरच.

जॉन्स्टनला विमानाची भयंकर भीती होती. नोव्हेंबर 1968 मध्ये बेलग्रेडचा रेड स्टार संघ ग्लासगोला आला. मध्यंतराला 1-1 अशी बरोबरी. चार गोलांच्या फरकानं जिंकलो तर बेलग्रेडमधल्या परतीच्या सामन्याला तुला विमानानं यावं लागणार नाही, असा शब्द स्टीननी दिला. दुसऱ्या डावात जॉन्स्टननं दोन गोल केले, आणखी गोलांची वाट करून दिली, आणि सामना 5-1 असा संपला. बेलग्रेडला तो गेला नाही.

लाथाही त्यानं पुष्कळ खाल्ल्या. एप्रिल 1974 मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदनं ग्लासगोत त्याला इतकं तुडवलं की त्या सामन्यात माद्रिदच्या तिघांना मैदानाबाहेर काढावं लागलं. तरी चेंडू मागायचं त्यानं सोडलं नाही.

स्कॉटलंडकडून मात्र त्याला 23च सामने मिळाले. ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबचा विली हेंडरसन त्याच जागेवरचा, त्याच तोडीचा. 1974च्या विश्वचषकाच्या संघात जॉन्स्टन होता, पण एकही सामना खेळला नाही. 1975 मध्ये सेल्टिक सुटल्यावर तो सॅन होजे, शेफील्ड युनायटेड, डंडी अशा क्लबांतून फिरला. तो बहर पुन्हा आला नाही. 2001 मध्ये त्याला मोटर न्यूरॉन या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आजाराचं निदान झालं. 2002 मध्ये सेल्टिकच्या चाहत्यांनी त्याला क्लबचा सर्वकालीन सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं. 13 मार्च 2006 रोजी तो गेला.

श्रोतेहो, एप्रिल 1970च्या हॅम्पडन पार्कवरच्या सेल्टिक विरुद्ध इंग्लंडचा लीड्स या युरोपियन कपच्या उपांत्य सामन्याची चित्रफीत मिळाली तर जरूर बघा. 1,36,505 प्रेक्षक होते. पहिल्यांदा बघताना नजर जॉन्स्टनवर ठेवा. दुसऱ्यांदा मात्र लीड्सचा लेफ्ट बॅक टेरी कूपर कुठे उभा आहे, त्याच्या मदतीला कोण धावून येतोय आणि तो आल्यामुळे मैदानात कुठे जागा मोकळी होतेय, एवढंच पाहा.