धुमेचा आवाज घरात : स्टिरिओला सबवूफर जोडताना

पखवाजाच्या धुमेला कणीक लावताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. जनाबाईच्या गंगाखेडला एकादशीच्या भजनात मी ते तासन्‌तास बघत बसलोय. वादक भिजवलेल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापतो, एक थाप मारतो, कान देतो, चिमूटभर कणीक काढतो, परत थाप मारतो. कणकेच्या वजनानं पुडी जड होते आणि आवाज खाली उतरतो. तो खालचा आवाज कानाबरोबर छातीलाही लागतो.

तेच भजन घरच्या स्टिरिओवर लावा. टाळ येतात, वीणा येते, बुवांचा गळा येतो, पण धूम येत नाही. चार-पाच इंची पडद्याचा स्पीकर साधारण 70-80 हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) खाली दमतो. तेवढी हवा ढकलायची ताकदच त्याच्यात नसते. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, 138 हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि खरजाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 ला. म्हणजे खरज नेमका स्पीकर जिथं हात टेकतो तिथं आहे. सबवूफर, म्हणजे नुसता खालचा आवाज वाजवणारा स्पीकर, घ्यायचा तो यासाठी. खिडक्यांची तावदानं हलवण्यासाठी नाही, हे मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो.

आता अँप्लिफायर फिरवून त्याची पाठ बघा. सगळ्यात आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मागं 'सब आउट' किंवा 'प्री आउट' लिहिलेलं असेल तर काम सोपं आहे : तिथून आरसीए केबल (टीव्ही-डीव्हीडीला लावतात ती गोल पिनेची) सबवूफरच्या 'लाइन इन'ला. प्री आउट डावं-उजवं असेल तर दोन केबल लावा. सबवर 'एलएफई' लिहिलेलं भोक असतं, ते होम थिएटरसाठीचं. तिथं सबचं स्वतःचं क्रॉसओव्हर, म्हणजे किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबनं वाजवायचा हे ठरवणारी चाळणी, बहुधा चालत नाही, म्हणून साध्या स्टिरिओला ते सोडून द्या.

'टेप आउट'ला मात्र हात लावू नका. मी पहिल्यांदा जोडला तेव्हा तिथंच जोडला होता. त्या भोकातल्या आवाजाचा व्हॉल्यूमच्या बटणाशी संबंध नसतो. रात्री मी आवाज कमी केला, स्पीकर गप्प झाले आणि सब तसाच धडधडत राहिला. शेजारच्या काकू दाराशी आल्या, "बाबा, लेकरू झोपंना झालंय" म्हणाल्या. ते मला अजून लागतं.

जुन्या अँपला यातलं काहीच नसतं. त्यालाही मार्ग आहे. स्वतःचा अँप असलेल्या सबवूफरला बऱ्याचदा 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर लेव्हल' इनपुट असतं. अँपच्या ज्या लाल-काळ्या टर्मिनलला स्पीकर लागलेत, त्याच टर्मिनलला दुसरी वायर लावून सबकडं न्यायची. त्या इनपुटचा रोध इतका मोठा असतो की अँपला भार जाणवत नाही. वायर सोलली की तांब्याच्या तारा पिळून एकजीव करा. एक केसाएवढी तार लालवरून काळ्याला टेकली तरी अँपचं आउटपुट जळू शकतं. आणि स्पीकरचं टर्मिनल कधीही आरसीएच्या लाइन इनला जोडू नका, तो दाब त्या इनपुटसाठी नाही. तुमचा अँप ब्रिज्ड किंवा डिजिटल जातीचा असेल तर काळं टर्मिनल हे ग्राउंड असेलच असं नाही, तेव्हा आधी दोन्हींची माहितीपुस्तिका वाचा.

जुन्या होम थिएटरच्या डब्यातला सब काढून आणणारेही भेटतात. त्यात स्वतःचा अँप नसतो. तो स्पीकरच्याच टर्मिनलवर चढवला की 8 ओहमला 8 ओहम समांतर होऊन 4 उरतात, आणि उन्हाळ्यात अँप तापून बसतो. त्याला वेगळा अँप द्या.

जोडणी झाली की पहिली तक्रार ठरलेली : "काका, हे काहीच न लावता घूं घूं करायलंय!" ती घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण. बहुतेक वेळा अँप आणि सब वेगवेगळ्या बोर्डांवर असतात आणि दोन अर्थिंगमध्ये फेरा तयार होतो. दोघांना एकाच बोर्डावर आणा. त्यासाठी अर्थिंगची पिन तोडणारे लोक मी पाहिलेत, ते जिवावर बेतू शकतं. आपल्याकडं तर एप्रिल-मेमध्ये काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखी होते. त्या दिवसांत खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा.

मग जागा. 50 हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट लांब असते. बारा फुटी खोलीत ती दोन भिंतींत अडकते आणि एका कोपऱ्यात घुमते, दुसरीकडं गायब होते. भिंतीला वाकळ टांगून हा घुम जात नाही, वाकळ फक्त वरचा आवाज पिते. त्यापेक्षा सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं भजन लावा आणि स्वतः भिंतीकडेनं रांगत फिरा, कान जमिनीजवळ. जिथं धूम स्वच्छ येईल तिथं सब न्या.

क्रॉसओव्हर 80 च्या आसपास ठेवून सुरुवात करा, सबचा आवाज शून्यावरून हळूहळू वाढवा. सब कुठं ठेवलाय हे डोळे मिटून सांगता येऊ लागलं की थोडं मागं या. राहिलं फेजचं बटण, 0 आणि 180. 180 वर सबचा पडदा उलट्या दिशेनं हलतो. मानवतजवळच्या एका गावात मी एका म्हाताऱ्या पखवाजवाल्याला समोर बसवून हे केलं. 0 वर ऐकून ते म्हणाले, "कणीक वाळलीय." सब आणि स्पीकर एकमेकांना खात होते. मी बटण 180 वर टाकलं. ते काही बोलले नाहीत, मांडीवर ठेका धरला.

इथं टेबलावर अँप उघडाच ठेवलाय आणि प्लग काढलाय. ज्यांना टर्मिनल जवळून बघायचंय त्यांनी पुढं या, वायर सोलायला दोघांना देतो.