पाय टेकवायचा कसा

सकाळचे सव्वासहा वाजलेत, खडकवासला चौपाटी अजून रिकामी आहे, कणीसवाल्यांच्या गाड्या लागायच्यात, आणि हे काका रस्त्याच्या कडेला गाडी लावून उतरतायत. कसे उतरतात ते नीट बघा. आधी साइड स्टँड, मग दोन्ही हात हँडलवर, डावा पाय जमिनीवर घट्ट, एक सेकंद थांबले, आणि मग उजवा पाय मागून सीटवरून हळू फिरवून खाली. काकांचं वय 66, उजवा खुबा, म्हणजे मांडी कंबरेला जोडणारा सांधा, ऑपरेशनने बदलून 14 महिने झालेत, आणि हे एवढं उतरणं परत शिकायला त्यांना गाडी चालवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

माझाही खुबा बदललाय, डावा. म्हणून ही फिल्म करतोय. ऑपरेशनच्या आधी माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, परत गाडी चालवता येईल का, आणि प्रश्नच चुकीचा होता हे फार उशिरा कळलं. चालती गाडी खुब्याला फारसा त्रास देत नाही, त्रास असतो तो उभ्या गाडीचा. चढायचं, उतरायचं, सिग्नलला पाय टेकवायचा, लक्ष्मी रोडला पी वन पी टू, म्हणजे सम-विषम तारखेच्या पार्किंगची पाटी, बघून लावलेली गाडी दोन गाड्यांच्या फटीतून मागे ढकलत काढायची, खुब्याची परीक्षा तिथे होते.

माझं दुखणं सुरू झालं ते असं. 2021 ला कोविडमध्ये ऍडमिट होतो, स्टिरॉइड दिले, त्यानेच जीव वाचला हे मी आजही मानतो. वर्षभराने डाव्या जांघेत कळ यायला लागली. आता जांघेत दुखलं की आपण म्हणतो शीर आखडली असेल नाहीतर कंबर धरली असेल. जिथे दाखवलं तिथेही कंबरेचीच ट्रीटमेंट सुरू झाली, शेक, पट्टा, गोळ्या, यात आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांचा मला अजून राग येतो, कारण खुब्याचं दुखणं जांघेत जाणवतं, कधीकधी तर नुसतं गुडघ्यातच जाणवतं, हे तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं. मोजा घालता येत नव्हता, डाव्या पायाची नखं कापता येत नव्हती, बूट चढवायला बायको लागायची. असं होत असेल तर कंबरेवर थांबू नका, खुबा तपासून घ्या. शेवटी एमआरआय झाला तेव्हा कळलं, एव्हीएन, म्हणजे एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाचा वरचा जो गोळा असतो त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो, हाड आतून मरतं आणि गोळा हळूहळू चपटा होतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसतही नाही. स्टिरॉइड, दारू, जुनं फ्रॅक्चर अशी कारणं असतात, कधीकधी कारण सापडतच नाही. लवकर कळलं तर गोळा वाचवायचा प्रयत्न करता येतो. माझा तोपर्यंत चपटा झाला होता.

काकांचं तसं नव्हतं, त्यांची झीज. नाना पेठेत त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे हा सांधा काय प्रकार आहे हे मला डॉक्टरांपेक्षा त्यांनी चांगलं समजावलं. काउंटरवर एक जुना कोनसेट, म्हणजे हँडल ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग, ठेवला, त्याच्यावरून बोट फिरवायला लावलं, आणि म्हणाले, बघ, इथे खड्डा पडलाय ना, म्हणून हँडल अडकतं. खुब्यात वाटी आणि गोळा असतो, दोघांवर गुळगुळीत कूर्चेचं आवरण असतं, ते घासलं की हाडावर हाड. मग वाटीत नवीन वाटी बसवतात, तिच्यात प्लॅस्टिकचं लायनर, मांडीच्या हाडात टायटॅनियमचा दांडा, त्याच्यावर सिरॅमिकचा नाहीतर धातूचा गोळा. हे ऑपरेशन आज ज्या रूपात होतं त्याचा पाया इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाच्या सर्जननी 1962 मध्ये घातला. त्याच्या आधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरून बघितली होती, ती भराभर झिजली, पेशंटना त्रास झाला, मग पॉलिथिलीन आलं. त्यांचा गोळा 22 मिलिमीटरचा होता, आता बऱ्याचदा 32 किंवा 36 चा बसवतात, गोळा मोठा असला की वाटीतून निसटायची भीती कमी. काकांना हे सगळं पाठ आहे, दुकानात आलेल्या कुणालाही ते ऐकवतात आणि ऐकवतच बसतात.

पण एवढं माहीत असून काकांनी ऑपरेशन चार वर्षं टाळलं. का, तर गाडीवर बसलं की दुखायचं नाही. दुकानातून मंडईपर्यंत चालत जाता यायचं नाही पण बुलेट काढून वाईला जाऊन यायचे, आणि मनात हिशोब असा की मी गाडी चालवतोय म्हणजे मी ठीक आहे. बाईकवाल्यांमध्ये हे फार बघितलं मी. गाडी आपलं चालणंच झाकून टाकते, आणि तोवर मांडीचे, कुल्ल्याचे स्नायू बारीक होत जातात, मग नंतर तेच भरून काढायला महिने लागतात. निर्णय शेवटी काकूंनी घेतला. त्या म्हणाल्या, अहो, कूस बदलताना तुम्ही रात्री ओरडता, जाग मला येते, तुम्हाला येत नाही.

सर्जननी मला तीन गोष्टी विचारल्या होत्या. दुखण्याने झोपमोड होते का, न थांबता किती चालता, गोळी रोज लागते का. एक्स-रे त्याच्यानंतर बघितला. मी तेव्हा 46 चा, मला भीती होती की सांधा किती टिकेल. 2019 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आलाय, त्यात 100 पैकी साधारण 58 सांधे 25 वर्षं टिकलेले दिसले. म्हणजे सत्तरीच्या आसपास मला कदाचित परत टेबलावर जावं लागेल. हे कळूनही मी हो म्हटलं, कारण मुलीबरोबर पर्वती चढता न येण्याची ती वर्षं मला परत कोण देणार होतं.

ऑपरेशनबद्दल फार सांगत नाही, कंबरेखाली भूल, तास-दीड तास, दुसऱ्या दिवशी वॉकर. खरं काम घरी आल्यावर. माझं ऑपरेशन मागच्या बाजूने झालं होतं त्यामुळे नियम कडक होते, कंबरेत 90 अंशांच्या पुढे वाकायचं नाही, पायावर पाय नाही, पाऊल आत वळवायचं नाही, नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. मांडी घालून बसणं बंद, कमोडवर उंच सीट, झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे मी आजही मनात म्हणतो. आणि पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठायचं, रक्ताची गुठळी असू शकते, तिथे उद्या बघू चालत नाही.

गाडी कधी, तर याला एक उत्तर नाही. कार बऱ्याच जणांना सहा आठवड्यांनी चालवू देतात, टू-व्हीलरला माझ्या डॉक्टरांनी तीन महिने सांगितले. सिमेंट न लावता बसवलेल्या सांध्यात हाड वाढून तो पक्का धरायला वेळ लागतो आणि त्या काळात पडलं, दांड्याच्या भोवतीचं हाड मोडलं, तर ते पहिल्या ऑपरेशनपेक्षा मोठं दुखणं.

आणि मी सातव्या आठवड्यात पार्किंगमध्ये गेलो. चालवायचं नव्हतं मला, देवाशपथ, नुसती गाडी उन्हातून सावलीत घ्यायची होती. बुलेट 190 किलोच्या आसपास भरते. मागे ढकलताना डावा पाय बारीक वाळूवर सरकला, गाडी माझ्याकडे कलली, आणि सोसायटीच्या वॉचमनदादांनी मागचं कॅरिअर धरलं म्हणून वाचलो. एक्स-रे नीट निघाला. पण त्या रात्री अंग थरथरत होतं माझं. गाडीचा वेग तेव्हा शून्य होता.

मग मी फिजिओ ताईंना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी पलंगावर लोड आडवा ठेवला आणि म्हणाल्या, याच्यावरून पाय टाका. लोडावर दोन आठवडे. मग लाकडी बाकड्यावर. मग आमच्याच पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडवर लावून, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला बायको. एका पायावर 30 सेकंद उभं राहायचं आणि कंबर दुसऱ्या बाजूला पडू द्यायची नाही, हे जोपर्यंत जमलं नाही तोपर्यंत त्यांनी गाडीची चावी बायकोकडेच ठेवायला सांगितली. कुल्ल्याच्या बाजूचा एक स्नायू असतो, सगळा भार त्याच्यावर.

माझा डावा पाय ऑपरेशनचा, आणि आपल्याकडे रस्त्याला उतार डावीकडे, म्हणजे डावा पाय टेकवायचा तर तो जास्त खाली जाणार. म्हणून मी आता सिग्नलला उजवा टेकवतो. पण उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, म्हणजे थांबल्यावर गाडी पुढच्या ब्रेकवर हाताने धरायची. सपाटीवर ठीक आहे, सिंहगडाच्या घाटात चढावर थांबावं लागलं की अजून तळहाताला घाम येतो.

धनकवडीत एक ताई भेटल्या, त्यांचाही खुबा बदललाय, पोळीभाजीचे डबे देतात, स्कूटरवर. स्कूटरला पाय वरून टाकायचा नसतो त्यामुळे त्यांचं चढणं-उतरणं सोपं, त्यांची अडचण होती तीन महिने डबे बंद ठेवायची. गिऱ्हाईक तुटलं तर. जाऊबाईंनी डबे पोचवले, ताईंनी पोळपाट जमिनीवरून ओट्यावर घेतला, उभ्याने लाटायला शिकल्या. म्हणाल्या, आधी रात्री रडायचे, आता पाठ दुखते तेवढीच.

काकांना मात्र एक गोष्ट सोडावी लागली. त्यांची बुलेट जुनी, गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, आणि किक. किक मारताना सगळं अंग उजव्या पायावर येतं, आणि इंजिनने उलटा झटका दिला की तो सरळ खुब्यात. डॉक्टर नको म्हणाले. काकांनी सेल्फ-स्टार्टची, बुटकी सीट असलेली गाडी घेतली आणि बुलेट पुतण्याला दिली. देताना कार्बोरेटर स्वतः साफ करून दिला.

तो पुतण्या आत्ता येतोय बघा, आवाजावरून काकांनी मान वळवायच्या आधीच ओळखलं. त्याने गाडी बंद करून डबल स्टँडवर लावली. चहा झाला. मग काकांनी काही न बोलता नुसतं बुलेटकडे बघितलं आणि पुतण्याने विचारलंही नाही, उठला, एका किकमध्ये गाडी चालू केली, स्टँडवरून काढली आणि हँडल धरून उभा राहिला. काका डावीकडून आले. दोन्ही हात हँडलवर, डावा पाय घट्ट, एक सेकंद थांबले. उजवा पाय सीटवरून गेला, फुटरेस्टवर बसला. पुतण्याने हात काढला. काकांनी उजव्या टाचेने हळूच पहिला गिअर टाकला आणि डोणजे फाट्याच्या दिशेने गेले.